पालथी कढई

तेलाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात वर्षभर फोडणी झाली नाही, हे मी कुणाला सांगितलं असतं तर त्याला हसू आलं असतं. म्हणून सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कारखाना दारव्हा रस्त्यावर, गावाबाहेर. सरकीचं आणि सोयाबीनचं तेल तिथे निघे, शेजारच्या इमारतीत तुरीची डाळ. आमचं कार्यालय मागच्या बाजूला होतं, तरी खिडक्या लावूनही वास आत यायचा. तो केसांत, पदराला, पिशवीतल्या पुस्तकाच्या पानांनाही लागायचा. संध्याकाळी यवतमाळला घरी परतले की कुलूप उघडताना माझ्याच अंगाचा वास मला यायचा, जणू आत कुणी काही तळत आहे. दार उघडलं की कळायचं, तसं काही नाही.

माझं काम अहवालाचं. दरवर्षी मुंबईच्या मुख्य कार्यालयातून इंग्रजी आराखडा येई. पाणी किती वापरलं, वीज किती वाचवली, पिशव्यांचं प्लास्टिक किती कमी केलं, गावांसाठी काय केलं. आमच्या जिल्ह्याचं प्रकरण मी लिहायची आणि मग सगळ्याचं मराठी करायची. पहिल्या वर्षी 'सस्टेनेबिलिटी'ला शब्द शोधताना माझे यजमान हयात होते. ते एका कॉलेजात ग्रंथपाल होते. मी म्हटलं, 'टिकाऊ' का नको? ते म्हणाले, "टिकाऊ चपलेला म्हणतात. शाश्वत कर." एक संध्याकाळ आम्ही दोघं कोश उघडून त्या एका शब्दावर बसलो होतो. शेवटी 'शाश्वत'च राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अहवालाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर तो शब्द मात्र दरवर्षी छापून येतो.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरून गाड्या येत, कॅमेरे येत, माणसं लिहून घेऊन जात. आमच्या कंपनीनेही ठरवलं की ज्या घरचा कर्ता गेला त्या घराला दर महिन्याला शिधा द्यायचा. तांदूळ, डाळ, मसाला आणि आमचंच तेल, पत्र्याच्या डब्यात. वाटप झालं की फोटो, फोटोखाली दोन ओळी, दोन ओळींवरून अहवालातली 'यशोगाथा'. हा शब्दही मीच दिला होता.

होळी होऊन गेली होती. मुंबईहून फोटो परत आले. त्यातल्या एकावर लाल शाईत शेरा होता: 'उपयोग नाही. खुलासा करावा.' फोटो नेरकडच्या एका गावातला. दारात एक बाई उभी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या मागे फळीवर आमचे तेलाचे डबे एकावर एक रचलेले, आणि एकाचंही सील फोडलेलं नाही. फोटो काढताना ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, ज्यांना गरज नाही त्यांचं नाव यादीतून काढा म्हणतात ते."

"नाव काढलं तर फाटकावरच्या स्वयंपाकघरातूनही जाईल."

"मग जाईल."

तीच खरी गोष्ट होती. कारखान्याच्या फाटकाशी कामगारांसाठी आणि ट्रकवाल्यांसाठी स्वयंपाकघर सुरू होणार होतं, आणि ते याच यादीतल्या बायकांनी चालवायचं असं ठरलं होतं. वाटपाच्या दिवशी त्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, माहं नाव राहू द्याजा. स्वैपाकाचं मले काई भेव नाई. पन दिवसभर दोन मानसाईत बोलनं तं होईन." तिचा नवरा कसा गेला ते यादीत होतं. ते मी इथे लिहीत नाही. घरात ती आणि सासू, एवढंच.

"असं करा," साहेब म्हणाले, "डबा उघडून एक फोटो काढून आणा. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी कंपनीची जीप घेऊन निघाले. ड्रायव्हर बोलका होता. मी पुस्तक उघडलं की तो मुद्दाम विचारायचा, "मॅडम, पुढं काय झालं?" जणू आम्ही दोघं मिळून वाचतोय. शेतांतून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले होते. मी खिडकीतून ते पाहत राहिले. पान उलटलं नाही.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा फळीवरचे डबे दिसले आणि मग चुलीच्या मागची कढई. भिंतीला टेकून, पालथी.

मी शक्य तितकं सरळ सांगितलं. डबा उघडायचा, फोटो काढायचा, म्हणजे नाव राहील.

ती म्हणाली, "उघडला म्हंजे वापरला, ताई. भाऊ यायच्या आंधी कसा उघडू?"

मला कळलं नाही. तेव्हा दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूने मान वर केली. "मयत झालेल्या घरात कढई चढत नाई, मालूम नाई का तुमाले? माहेरचा मानूस येते, कढई टाकते, गोडाचं तळते. मंग घराचं तेल सुरू होते. हिचा भाऊ तेरवीले आला अन् जेवला तसाच पयाला. सुरतची गाडी होती म्हने."

"घाईत होता तो," बाई म्हणाली.

"घाईत होता! पोया गेला, दिवाळी गेली, होळी गेली. भाऊ अजून घाईतच हाये."

"शेजारनी म्हनल्या, आमी टाकतो. म्या म्हनलं, भाऊ येईन."

वर्षभर त्या दोघी भाकरी, ठेचा आणि नुसतं उकडलेलं वरण खात होत्या. ज्या महिन्यात डबा आला त्या महिन्यात तो फळीवर चढला. नको म्हणून नव्हे. तो भावासाठी थांबला होता. मुंबईच्या माणसाला 'उपयोग नाही' दिसलं ते हे.

मी म्हटलं, "मला बहीण समजा. मी टाकते कढई."

बाईचे डोळे एकदम उजळले. सासूने शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं. गळ्याकडे, कपाळाकडे. "तुमचे मालक?"

"गेले. मागच्या उन्हाळ्यात."

"मंग तुमच्या घरची कढई कोनं टाकली?"

आमचं नोकरदारांचं घर. दहा दिवस माणसं होती. तेराव्याला गोडाचं जेवण बाहेरून मागवलं होतं, कागदी द्रोणांत. संध्याकाळी सगळे आपापल्या गाड्यांनी पुण्याला आणि नागपूरला गेले. माझं माहेर माझ्या आईबरोबरच संपलेलं. कढई कुणीच टाकली नाही. ती टाकायची असते हेही कुणाला आठवलं नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं. "जेवण बाहेरून आलं होतं."

"म्हंजे कढई नाईच उठली," सासू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सुतक्यानं सुतक फिटत नाई, बाई."

बाई उठली आणि तिने मला पाणी दिलं. मी ते हळूहळू प्यायले. खरं सांगायचं तर माझ्या घरात रीत आडवी आली नव्हती. फोडणीचा चुर्र आवाज झाला की माझे यजमान हातातलं पुस्तक तसंच घेऊन, वाचलेल्या पानात बोट घालून, स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. वास घ्यायचे आणि परत जायचे. आता फोडणी दिली तर आवाज होईल आणि दाराशी कुणी येणार नाही. म्हणून मी देत नव्हते. हे त्या घरात सांगण्यासारखं नव्हतं, आणि कुठल्या घरात सांगण्यासारखं होतं तेही मला माहीत नाही.

ड्रायव्हर एवढा वेळ अंगणात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने तिथूनच विचारलं, "बाई, तुमचं माहेर कोनतं?"

"फुलसावंगी."

"अरे!" तो चपला काढून आतच आला. "मी फुलसावंगीचा. मंग मी गावचा भाऊ झालो का नाई?"

सासूने त्याला दारातच थांबवलं. "थांब. कोनाचा तू? घर कुठं?"

त्याने घर सांगितलं. विहिरीच्या अंगाने की मंदिराच्या अंगाने, तेही सांगितलं. शेजारी कोण, त्याच्या शेजारी कोण. सासू मान हलवत राहिली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. "आमी आलतो त्या गावी, हिच्या लग्नाले. वरन लय पातय होतं."

"मावशी, तो आचारी आमच्या गावचा नोयता!"

"मीठबी नोयतं त्याच्यात."

"मीठ आमच्या गावचं होतं," तो म्हणाला, "म्हनून वाचवलं."

सासू हसली. आवाज न करता, खांदे हलवत. बाईने तोंडावर पदर धरला. मग सासू ड्रायव्हरला म्हणाली, "तुह्या घरी सगळे जितेजागते हायेत ना?"

"बुढा, बुढी, बायको, दोन पोट्ट्या. अन् एक म्हैस."

"मंग टाक बाप्पा."

त्याने डब्याचं सील जीपच्या पान्याने फोडलं. बाईने कढई सरळ केली, तीन वेळा धुतली, पुसली, आणि चुलीवर ठेवताना क्षणभर तिच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरने तेल ओतलं. कणकेत गूळ कालवून गुलगुले करायचे ठरले. पीठ भिजवणं तिचं, कढईत सोडणं त्याचं, कारण पहिला घाणा भावाच्याच हातचा लागतो. त्याला ते मुळीच येत नव्हतं. एक चपटा, एक शेपटीचा, एक काळा कुळकुळीत.

"हे काय करून राह्यला?" सासू म्हणाली. "गुलगुले हायेत का बेंडके?"

"मावशी, गाडी चालवतो मी, कढई नाई."

"गाडीबी अशीच चालवतं का?"

तेलाचा वास घरभर झाला. तो माझ्या ओळखीचा, रोजचा, आमच्याच कारखान्यातला वास होता. पण तिथे तो यंत्रांतून यायचा. इथे चुलीवरून येत होता, त्यात गूळ होता, आणि भोवती आम्ही चार माणसं होतो. मी कॅमेरा काढला. फोटोत ड्रायव्हर कढईवर वाकलेला आला, झारा हातात, कपाळावर घाम, आणि त्याच्या बाजूला बाई, पहिल्यांदाच पदर खांद्यावर घसरलेला.

निघताना तिने केळीच्या पानात गुलगुले बांधून दिले. मी ते हातात घेतले तेव्हा ती म्हणाली, "ताई, आता माही उठली. आता मले चालते. तुमच्या घरची कढई म्या टाकते. यवतमाळले येते म्या."

मी सासूकडे पाहिलं.

"हाव," सासू म्हणाली. "उठल्यावर चालते."

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आता दिवाळीले मले भाऊबीजेले या लागते ना हिच्याकडं?" मी म्हटलं, लागतेच. "मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

खुलाशात मी लिहिलं: 'वापर सुरू आहे.' बाकीचं लिहायला रकान्यात जागा नव्हती. फोटोखालची ओळ मात्र मी मनापासून लिहिली: 'लाभार्थीचे बंधू स्वयंपाकात हातभार लावताना.' मुंबईने ती तशीच छापली. ड्रायव्हरने अहवालाची एक प्रत मागून घेतली. ती अजून जीपच्या पुढच्या खणात आहे. कुणी नवा माणूस बसला की तो ते पान उघडून दाखवतो.

तिचं नाव राहिलं. पावसाळ्याआधी फाटकावरचं स्वयंपाकघर सुरू झालं आणि महिन्याभरात ते तिच्याच हातात आलं. सकाळी ट्रकवाल्यांचा चहा आणि पोहे, दुपारी कामगारांचं जेवण, संध्याकाळी भजी. रविवारीही माल येतो, त्यामुळे रविवारीही चूल बंद नसते. सासू तिथेच फाटकाच्या सावलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची गावं विचारते. बाईला आता दिवसभर माणसंच माणसं. तिचा आवाज वाढलाय. लांबून ऐकू येतो.

मी दुपारी तिथे जेवते. एका टोकाला बसते, पुस्तक घेऊन. ती वाढायला येते, वरणावर कडकडीत फोडणी ओतते आणि वाकून हळूच म्हणते, "ताई, या सणाले येते म्या. पक्की येते." मग कुणीतरी हाक मारतं आणि ती जाते.

त्यानंतर अहवालही निघाले, सणही गेले. पोळ्याला ट्रक आले. दसऱ्याला सासूचे गुडघे धरले. दिवाळीला भाऊबीजेसाठी ड्रायव्हर येणार होता. ती खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. तिला खरंच वेळ नाही, आणि तिला वेळ नसावा यासाठीच तर मी त्या दिवशी गेले होते.

कढई मीही चढवू शकते. एवढी शिकलेली बाई, मला कोण विचारणार? पण तसं केलं तर तिने येण्याचं कारण उरणार नाही. या घरी येईन असं म्हणणारं तेवढंच एक माणूस आहे.

रविवारी मी कढई खाली काढते, घासते, कोरडी करून पुन्हा पालथी ठेवते. कणीक असतेच. गूळ आणून ठेवलेला असतो. माझ्या स्वयंपाकघरात ओल असते, गुळाला पाणी सुटतं, मुंग्या येतात. तो टाकून मी नवा आणते.