इन्सुलेटरला किती टिळे चालतात?

दुसराही इन्सुलेटर टेस्टमध्ये फेल गेला, तसं रेड्डीसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"जाधव मॅडम, आपका मॉडेल पास बोलता, माल फेल होता. परसों कस्टमर आ रै. तीसरा भी गया तो ऑर्डर गया, मॉडेलिंग सेक्शन भी गया."

मॉडेलिंग सेक्शन म्हणजे मी एकटी.

इन्सुलेटर म्हणजे वीज अडवणारा दांडा. आमचा इपॉक्सीचा, वरखाली धातूच्या टोप्या. कॉम्प्युटरवर मी त्याच्या पोटात चौकटी आखते आणि वीज वाहू देणारे कण वाटेल तसे विखरते. कण वाढवले तरी बराच वेळ काही होत नाही. मग अगदी थोडे आणखी टाकले की कणाला कण लागून आरपार वाट तयार होते. याला परकोलेशन म्हणतात. तीन महिने मी त्या दांड्याचं पोट तपासत होते. टेस्ट हॉलमध्ये मात्र एकदाही पाय ठेवला नव्हता.

त्या दिवशी गेले. फोरमन यादगिरी तिसऱ्या इन्सुलेटरला हळदी-कुंकवाचे ओले टिळे लावत होता. मागे अख्खी शिफ्ट रांगेत उभी.

"हे काय चाललंय?"

"पूजा, मॅडम. पूजा के बगैर हाय व्होल्टेज कैसा देंगे?"

ओल्या कुंकवातून वीज मजेत जाते. मी कपाळाला हात लावला. पण बोलणार कुठल्या तोंडाने? काचीगुड्याच्या आमच्या घरी दसऱ्याला मिक्सरलासुद्धा टिळा लागतो.

सरांना सांगितलं. ते गंभीर झाले. "पूजा बंद नै होती. यूनियन हड़ताल पे बैठ जाती. कित्ते टीके चलते, वो निकालो."

मग दोन दिवस मी, एम.टेक. झालेली बाई, स्क्रीनवर दांड्याच्या अंगभर टिळे विखरत बसले. चोवीसपर्यंत धोका दिसेना. सरांनी सर्क्युलर काढलं: इन्सुलेटरमागे कमाल वीस टिळे. एका टिळ्याला एक, अशी टोकनं वाटली. स्टोअरला दोन मिळाली, एचआरला एकही नाही. एचआरवाले माझ्याशी बोलेनासे झाले.

कस्टमरचे साहेब आले. वयस्कर, मोठे भाविक. पुसून लख्ख केलेल्या त्याच तिसऱ्या इन्सुलेटरला एकोणीस टिळे लागले होते. विसावं टोकन मानानं त्यांना दिलं. साहेबांनी डोळे मिटले, बोटं कुंकवात बुडवली आणि वरच्या टोपीपासून खालच्या टोपीपर्यंत एक लांबलचक उभं नाम ओढलं.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

व्होल्टेज चढलं. फट्ट! ठिणगी नामावरूनच खाली उतरली. गेली नोकरी.

"मेरी वजह से हुआ क्या?" साहेबांनी विचारलं.

यादगिरी म्हणाला, "हौ, सर."

साहेबांनी स्वतः सगळे टिळे पुसून काढायला लावले. पुन्हा टेस्ट. पास. सही करून, कोणाच्या डोळ्याला डोळा न देता ते गेले.

माझं गणित चुकलं नव्हतं. टिळे वाटेल तसे पडतात, असं मी धरलं होतं. भक्तिभावानं लावलेला टिळा सरळ रेषेत जातो.

सरांनी नवीन सर्क्युलर काढलं: पूजा हवी तेवढी करा, पण कंट्रोल पॅनेलची. इन्सुलेटरला लांबून नमस्कार. हे सुचायला मॉडेल लागत नव्हतं. पण ते मी कोणाला बोलले नाही, सेक्शन अजून चालू आहे.