उपवासाचा कौल

यजमानांच्या हातातून खडू गळून पडू लागला, तेव्हा आम्ही तो थकवा मानला. पुढे जीभ जड झाली आणि भरदार अंगाचे आमचे मास्तर दिवसेंदिवस झिजू लागले. रेवसहून लाँचने मुंबईस गेलो. तेथील डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की, स्नायू चालवणाऱ्या नसा निकामी होत आहेत, यावर औषध नाही. मात्र वजन उतरू देऊ नका, पोटात अन्न जाईल तोवर हे तग धरतील.

चौलला घरी मात्र नेमके उलटे चालले होते. लेकाचे हात बरे होईपर्यंत तो दिवसातून एकदाच जेवेल, असा नवस सासूबाईंनी ग्रामदेवीला बोलला होता. यजमानही तो निष्ठेने पाळत. पातळ पेजेचा घोट घेताच त्यांना ठसका लागे, जीव घाबरा होई. त्यामुळे जेवण टळले की त्यांना सुटल्यासारखे वाटे, हे मला दिसत होते. देवीच्या नावाने आपण त्यांना गमावत तर नाही ना, ही शंका मनातून जाईना. स्वभावाने मी भिडस्त. तरी एका सकाळी डॉक्टरांचे शब्द सासूबाईंच्या कानी घातले.

त्या एवढेच म्हणाल्या, "नवस माझा आहे, सूनबाई. सोडायचा तर देवीनं सांगायला हवं."

म्हणून आम्ही तिघे कौल लावायला देवळात गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर नवस सोडण्यास संमती, डावे पडले तर नकार. बराच वेळ झाला, एकही फूल हलेना. मागे ओटी भरायला आलेली एक अनोळखी कोळीण ताटकळून गुरवाला म्हणाली, "आवो दादा, आईचा निवद झाला काय?"

"न्हाय अजून. आज उशीर झाला."

"मंग! उपाशी आय बोलंल कशी? आधी तिला जेवू घाला, मंग इचारा!"

सारे हसले, यजमानही हसले. सासूबाई मात्र वळून लेकाच्या झिजलेल्या अंगाकडे पाहू लागल्या. गुरवाने घरून तांदळाची दाट खीर आणवून नैवेद्य दाखवला. थोड्याच वेळात उजवे फूल ओघळले. सासूबाईंनी ते पाहिलेच नाही. त्या प्रसादाची वाटी घेऊन लेकापुढे बसल्या होत्या.

"खा रे बाळा. तिलाही लागतं, मग तुला का नको?"

ती दाट खीर ठसका न लागता घशाखाली उतरली. एक घास, मग दुसरा. सबंध वाटी संपली.

त्या दिवसापासून आमच्या घरी पातळ पेज बंद झाली. भात तुपात मऊ मळायचा, केळे कुस्करायचे, थोडेथोडे पण वरचेवर भरवायचे. उतरते वजन थांबले. हात पुन्हा उचलले गेले नाहीत, आणि ते बरे झाले असे मी सांगणारही नाही. पण डॉक्टरांनी धरलेल्या मुदतीच्या पुढे ते कित्येक वर्षे जगले. आमच्या धाकट्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसून सासूबाईंच्या हातून जेवले.

त्या कोळणीला मी पुन्हा कधी पाहिले नाही. ती कोणी पाठवली, हा प्रश्नही मला पडत नाही. शरण जाणे म्हणजे मागणे सोडून हात आवरून बसणे, असे मी समजत होते. त्या दुपारी कळले की, आयुष्य किती द्यायचे ते देवीने पाहावे. दिलेल्या दिवशी माणसाला जेवू घालावे, एवढे तिने माझ्याकडे ठेवले होते. ते काम मला मिळाले, याबद्दल मी तिची ऋणी आहे.