सदाभाऊंचा फोन

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही — तिथं हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागत सुटते. तुम्हाला सांगते.

आमचे हे दारू प्यायचे. शिवाजी पेठेत त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ह्यांना धरून घरी आणणारी माणसं मला नावानिशी ठाऊक होती. मग दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, दारू सोडलेली माणसं दर गुरुवारी एका शाळेच्या वर्गात जमतात, तिथं न्या. शाळा कुठली, ते त्यांनाही नीट सांगता येईना. दोन गुरुवार मी या फाटकातून त्या फाटकात विचारत हिंडले. शिपाई माझ्याकडं बघून हसले. तिसऱ्या गुरुवारी सापडली. मी शोधली, मी. हे मला कधी विसरता आलं नाही.

तिथं ह्यांना सदाभाऊ भेटले. हातकणंगल्याचे, कारखान्यात लेथवर काम करणारे, चार वर्षं थेंबाला न शिवलेले. ह्यांच्याहून वयानं लहानच. त्यांनी ह्यांना एकच शिकवलं — प्यावंसं वाटलं की ग्लासाआधी फोन उचलायचा. हे फोन करायचे, ते समजवायचे. आणि दारू सुटली. खरोखर सुटली. मी खूश व्हायला हवं होतं ना? झाले की. पहिले काही महिने.

मग गटाचा वार्षिक कार्यक्रम आला, घरच्यांनाही बोलावलेला. हे उभे राहिले आणि सांगायला लागले — पोटच्या लेकीला एसटी स्टँडवर बसवून गुत्त्यात कसे गेले ते. त्या दिवशी मी वेड्यासारखी स्टँडभर धावले होते. त्याबद्दल इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यापाशी एक शब्द काढला नव्हता, आणि इथं परक्यांपुढं रडत होते! शेवटी म्हणाले, "सदानं मला माणसात आणलं." टाळ्या पडल्या. मी मागं चहाचे कप भरत होते.

काय जळले म्हणून सांगू? सवत असती तर निदान चार बायकांत बोलता आलं असतं. नवऱ्याला सुधारणारा मित्र डोळ्यांत खुपतो — हे कुणाला सांगायचं? घरात हे माझ्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलायचे. फोनवर सदाभाऊंशी तासभर. मी भाजी चिरत ऐकायची.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. हे मागच्या अंगणात लेकीची सायकल दुरुस्त करत होते. दहा पावलांवर.

"वहिनी, ते हाईत का ओ घरात?"

आवाज बारीक, ओढून आणल्यासारखा. दारुड्याच्या बायकोला असा आवाज कळतो. मला कळला नाही असं मी म्हणणार नाही.

"न्हाईत. बाहेर गेल्यात."

"कवा येतील?"

"सांगून गेलेले न्हाईत."

 मग, "बरं. ऱ्हाऊ द्या."

मी फोन ठेवला. "कुणाचा गं?" हे अंगणातनं ओरडले. म्हटलं, "राँग नंबर." आणि पोहे भिजत घातले.

त्याच संध्याकाळी सदाभाऊ प्याले. मग पीतच राहिले. नोकरी गेली, कावीळ झाली, पोट फुगलं. हे रोज दवाखान्यात जायचे, मला डबा घेऊन यायला सांगायचे. एकदा हे औषधं आणायला खाली गेले, तेव्हा सदाभाऊंनी डोळे उघडले.

"वहिनी, त्या दिवशी फोनवर मागनं त्यांचा आवाज येत हुता. पाना दे म्हणून पोरीला सांगत हुते."

मी डब्याचं झाकण काढायला लागले.

"त्यास्नी बोललो न्हाई मी. बोलणारबी न्हाई. तुमचा संसार हाय."

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली. वाटली — पण मागाहून. आधी आला तो हेवाच. माझ्या नवऱ्यावर हा मरणाऱ्या देहातनं माझ्याहून जास्त माया करतो, असा.

चार दिवसांनी ते गेले. त्या एका फोननं वाचले असते का? माहीत नाही. पण ते माहीत नसणं माझ्या फार सोयीचं आहे, म्हणून त्याच्या आडोशाला मी उभी राहत नाही.

हे आता गटातले जुने. नव्या माणसांना शिकवतात. दर वेळी सदाभाऊंची गोष्ट काढतात. "त्या दुपारी मी घरात हुतो की! एक फोन करायला काय झालं हुतं त्याला?" म्हणतात, आणि आवाज चढतो. इतकी वर्षं झाली, त्या एका गोष्टीसाठी मेलेल्या मित्रावर ह्यांचा राग आहे. मी कधी कधी तिथंच बसलेली असते. 

आणि खरं सांगायचं तर — हे त्यांच्यावर रागावले की मला आतून अजूनही बरं वाटतं.