पायऱ्यांपाशी जागा

श्यामसुंदर कर्णिकांनी चौतीस वर्षं पाण्याची खोली कागदावर उतरवली. बंदराच्या एका कचेरीत ते नकाशे काढत. लाँचवरची माणसं दोर सोडून तळ मोजत, आकडे पाठवत, आणि कर्णिक ते आकडे निळ्या शाईने, मोत्यासारख्या अक्षरात नकाशावर मांडत. स्वतः ते पाण्यावर फारसे कधी गेलेच नाहीत, कारण त्यांना बोट लागायची. तरी सगळ्या नात्यागोत्यात त्यांची ख्याती समुद्र कोळून प्यालेला माणूस अशीच होती आणि हा समज दूर करायची गरज त्यांना कधी वाटली नाही. बायको माणिक तेवढी गालातल्या गालात हसायची.

बोरीवलीची त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरने तीन वर्षांचा शब्द दिला होता. त्याला नऊ वर्षं झाली. इमारतीच्या जागी खड्डा आहे, खड्ड्यात पाणी आहे आणि पाण्यात बेडूक सुखाने नांदताहेत. मधल्या काळात कर्णिक नवराबायकोने भाड्याची पाच घरं बदलली. पाचव्या घरमालकानेही अकरा महिने भरताच जागा रिकामी करा म्हटलं, तेव्हा माणिकताई बांधलेल्या खोक्यांवर बसून रडल्या.

"आता मी भांडी बाहेर काढणारच नाही," त्या म्हणाल्या. "राहू देत खोक्यातच."

त्यांची एकुलती मुलगी ऋता मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहते. तिने दहादा बोलावलं. पण जावयाच्या घरी कायमचं जाऊन राहणं कर्णिकांच्या पचनी पडेना. त्यापेक्षा त्यांनी जे केलं ते ऐकून झाडून सगळ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. गोराईच्या खाडीत माणसांची ने-आण करणारी एक जुनी लाकडी लाँच निकालात निघाली होती, ती त्यांनी घेतली. बाकं काढून पलंग टाकला, टपावर सोलर पॅनल बसवलं, सुकाणूच्या खोपटात गॅस मांडला. म्हातारचळ, दुसरं काय, असं मेहुणा सरळ तोंडावर म्हणाला. माणिकताई मात्र कुरकुर न करता आल्या. इथे महिनाअखेर निघा म्हणणारं कोणी नव्हतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्यांनी अट घातली ती एकच.

"मला वाटेल तेव्हा जमिनीवर पाय टाकता आला पाहिजे, हं. बाकी मी काही मागत नाही."

"एवढंच ना?" कर्णिक म्हणाले. "दिला शब्द."

हा शब्द देताना त्यांनी जरा खाडीकडे बघायला हवं होतं. पण बघतील तर ते कर्णिक कसले!

लाँच मिळाली, आता ती बांधायची कुठे? धक्का फेरीबोटींचा, तिथे रात्री उभं राहायला मनाई. दक्षिणेकडे श्रीमंतांच्या शिडाच्या बोटींसाठी जागा असतात, तिथे चौकशी केली तर फोनवरचा माणूस लाँच लाकडी आहे हे ऐकूनच हसला. वर्सोव्याच्या खाडीत होड्या इतक्या दाटीने उभ्या की एकीवरून दुसरीवर चालत पलीकडे जावं. शेवटी कर्णिक फिरून गोराईच्याच खाडीवर, काठच्या कोळीवाड्यात आले. तिथल्या मच्छीमार सोसायटीचा कारभार मार्तंड नावाचा पन्नाशीचा, आडदांड माणूस बघायचा.

"साहेब, आमच्याच होड्यांना जागा नाय," मार्तंड म्हणाला. मग माणिकताईंकडे बघून त्याचा आवाज उतरला. "आत वळणावर बांधा, तिवरांपाशी. पण ओहोटीला तिथं नुसता गाळ असतो, सांगून ठेवतो. पायऱ्यांपाशी जागा झाली की बघू."

पायऱ्यांची जागा म्हणजे साऱ्या खाडीतला राजयोग. दगडाच्या सात पायऱ्या आणि शेवटच्या पायरीपाशी कितीही ओहोटी असो, कमरेएवढं पाणी. तिथे सहदेव नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची होडी होती. सहदेवचे मुलगे नोकरीला लागलेले, होडी दोन वर्षं जागची हललेली नव्हती. पण होती.

अशी लाँच वळणावर बांधली गेली आणि माणिकताईंचे दिवस दोन तुकड्यांत वाटले गेले. भरती असली की छोट्या होडक्यात बसून दोन मिनिटांत काठ गाठायचा. ओहोटी लागली की लाँच गाळात बसायची आणि काठ समोर दिसत असूनही परका व्हायचा. मध्ये फक्त पन्नास-साठ पावलांचा काळा, चकाकता चिखल. पलीकडे रिक्षा उभ्या दिसत, भाजीवाली पालेभाजीवर पाणी मारताना दिसे, देवळातली घंटा ऐकू येई. माणिकताई कठड्याला हात लावून बघत बसायच्या. दवाखाना, बाजार, ऋताकडे जाणं, सगळं पाण्याला विचारून.

त्यांना पाण्याची वेळ शिकवली ती सहदेवच्या बायकोने, शकुने.

"कागद नको नि काय नको. कालनिर्णय बघायचा. तिथीची पाऊणपट केली का भरतीची वेळ आली. चतुर्थी हाय, चार पाऊणे तीन, तीनला पाणी फुल. नि आपण आत वळणावर, तर वर एक तास खाडीचा धरायचा."

माणिकताईंना शाळेतला पाऊणकीचा पाढा अजून तोंडपाठ होता. त्या कॅलेंडरवर पेन्सिलने वेळा लिहू लागल्या. कर्णिकांना याची गंमत वाटे. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं आणि खाडीचा जुना नकाशा होता, तोही त्यांच्याच हातचा.

"खाडीचा तास म्हणे," ते हसायचे. "अगं, पाणी काय रिक्षाची वाट बघत थांबतं का?"

पण बायकोचा चेहरा उतरत चाललाय हे त्यांना दिसत होतं आणि दिलेला शब्द डाचत होता. म्हणून त्यांनी स्वतःला जे उत्तम येत होतं ते केलं. दोन महिने खपून त्यांनी त्या काठाचा नवा नकाशा काढला. कोणाची होडी कुठे, पाणी किती, दोन होड्यांत अंतर किती, सगळं. जागांना लाल शाईने एक ते एक्केचाळीस नंबर घातले. होड्या थोड्या शिस्तीत लावल्या तर आणखी तीन जागा निघतात आणि त्यातली एक पायऱ्यांपाशी, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. सोसायटीच्या शेडमध्ये जाळी बाजूला सारून त्यांनी नकाशा पसरला तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता.

मार्तंडने लाल आकड्यांवर बोट ठेवलं. "हे नंबर कोणी टाकले?"

"मी. तुमच्या सोयीसाठी."

"आमच्या जागांना नंबर नाय, साहेब. आजाची जागा बापाला, बापाची पोराला. सगळ्यांना ठाऊक हाय. कागदावर कधीच नव्हती, म्हणून अजून हाय. कागदावर आली ना, की उद्या कोणीतरी येणार टेप घेऊन. नंबर पंधरा उठा, नंबर सोळा उठा." त्याने नकाशाची नीट चौघडी घातली आणि डांबर तापत होतं त्या चुलीत घातली.

बिल्डरच्या कागदावर सही करून घर गमावलेल्या माणसाला हे कळायला काहीच हरकत नव्हती. पण दोन महिन्यांची मेहनत जळताना बघून कर्णिकांचं डोकं फिरलं. "अडाणी आहात सगळे," ते म्हणाले आणि तडक निघून आले. त्या दिवसापासून मार्तंडशी बोलणं बंद.

"जाऊन या ना हो," माणिकताई विनवायच्या. "एक शब्द माफीचा. काय जातंय आपलं?"

"मी? मी कशाला? चूक त्यांची आहे."

शकुने महिनाभर नवऱ्यामागे लागून त्याला पायऱ्यांवरची जागा सोडायला राजी करत आणलं होतं, हे तेव्हा कर्णिकांना माहीत नव्हतं. नकाशाच्या दिवशी ते सगळं फिसकटलं.

पुढे संकष्टी आली. माणिकताईंचा उपास. नऊच्या सुमाराला पाणी तळाशी गेलं होतं, लाँच गाळात एका अंगावर कलली होती. साडेनऊला चहाचा कप माणिकताईंच्या हातातून पडला. त्या काहीतरी बोलल्या, ते नीट उमटलं नाही. कर्णिकांना वाटलं, उपासाची चक्कर. त्यांनी लिंबूपाणी केलं. पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं, तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला.

ते चिखलात उतरले. चार पावलांत मांड्यांपर्यंत रुतले, दोराला धरून कसेबसे परत वर आले. मग त्यांनी कोष्टक आणि खाडीचा जुना नकाशा उघडला. गणित चोख केलं. साडेअकराला होडकं तरंगेल. दोन तास. मार्तंडचा नंबर फोनमध्ये होता. तीनशे पावलांवर त्याचं घर होतं. कर्णिकांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. दोन तासच तर आहेत, ते मनाशी म्हणाले. ज्यांना अडाणी म्हटलं त्यांच्यासमोर चिखलात बसून हात जोडायचे, हे त्यांना त्या घडीलासुद्धा जड गेलं. माणूस असा असतो, याचा मला संताप येतो, पण असतो.

साडेअकरा वाजले. चिखल तसाच. तो जुना नकाशा काढला तेव्हाची खाडी आता राहिलीच नव्हती. तळ गाळाने वर आला होता आणि पाणी तासभर उशिरा येत होतं. पलंगावर माणिकताई उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत होत्या. पाऊणकी मोजत होत्या. तीनला फुल, वर एक तास. त्यांना ठाऊक होतं. पण सांगायला जीभ वळत नव्हती.

सव्वाबाराला कर्णिकांनी फोन लावला. वीस मिनिटांत मार्तंड आणि सहदेव फळ्या घेऊन आले. एक फळी टाकायची, पुढे सरकायचं, मागची उचलून पुढे टाकायची. सत्तरीचा सहदेव छातीपर्यंत चिखलाने भरला. माणिकताईंना त्यांनी लाँचचं एक दार काढून त्यावर निजवून काठाला आणलं.

रिक्षात बसवताना मार्तंडने फक्त विचारलं, "साहेब, सकाळीच फोन का नाय केला?"

हॉस्पिटलात डॉक्टरांनीही वेळच विचारली. कधी सुरू झालं? साडेनऊला. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, दोन वाजून गेले होते, आणि थोडं आधी आणलं असतं तर... असं म्हणून ते थांबले. त्या वाक्याचा पुढचा भाग कर्णिक अजून रोज स्वतःशी पुरा करतात.

माणिकताई वाचल्या. डावा हात गेला, बोलणं जड झालं, आणि मनातलं काहीतरी जागचं हललं. ऋता त्यांना मुलुंडला घेऊन गेली. कर्णिक लाँचवर परतले, कारण लाँच सांभाळायला कोणीतरी हवं होतं, असं ते सांगत.

चार महिन्यांनी, एका सकाळी सहदेवने कोणी न सांगता आपली होडी दुसरीकडे हलवली. मार्तंडने लाँच ओढून पायऱ्यांपाशी आणून बांधली. कर्णिक हात जोडून काही बोलायला गेले तर त्याने बोलूच दिलं नाही. "ताईंना आणा आता," एवढंच म्हणाला. कर्णिकांनी आठवडाभर खपून पायऱ्यांना लाकडी कठडा केला. ऐन ओहोटीला दहा वेळा खालीवर करून बघितलं. मग धुतलेला सदरा घालून ते मुलुंडला गेले.

ऋताने दार उघडलं. दाराच्या आतच, चपलांच्या कपाटाशेजारी, माणिकताई खुर्चीत बसल्या होत्या. पायात चपला, मांडीवर पर्स.

"रोज अशी बसते, बाबा," ऋता हलक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, खाली फिरवा. पण आईचं काही कळतच नाही. एखाद्या वेळी लगेच उठते, एखाद्या वेळी तासन्‌तास बसून राहते. ओढलं तर रडते. लिफ्ट दारात आहे, बाग खाली आहे, आणि ही हलत नाही."

कर्णिकांची नजर भिंतीवर गेली. ऋताच्या कॅलेंडरवर, प्रत्येक तारखेच्या चौकटीत, वाकड्यातिकड्या अक्षरात पेन्सिलने वेळा लिहिलेल्या होत्या.

ते बायकोपुढे उकिडवे बसले. "माणिक, पायऱ्यांपाशी जागा मिळाली गं. आता केव्हाही उतरायचं. तुला वाटेल तेव्हा."

माणिकताईंनी त्यांच्याकडे बघितलं. अर्धा चेहरा हसला. चांगल्या हाताने त्यांनी नवऱ्याचा हात थोपटला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. मग उघड्या दारातून बाहेरच्या स्वच्छ, पुसलेल्या लादीकडे बोट केलं.

"चि...खल आहे हो," त्या म्हणाल्या. "थांबा."

ऋताने तोंड फिरवलं. कर्णिकांनी आतून एक स्टूल आणलं आणि ते बायकोच्या शेजारी बसले. अकरा वाजले होते. त्यांनी पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटं मोजली.

"आज पंचमी," ते म्हणाले. "पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पाणी फुल."

माणिकताईंनी मान हलवली. नाही. एक बोट वर केलं.

"हो, हो," कर्णिक म्हणाले. "वर एक तास खाडीचा. चुकलं माझं."

लिफ्ट वर आली, उघडली. आत कोणी नव्हतं. ती पुन्हा मिटून खाली गेली. दोघं दाराशी बसून राहिले, पाणी यायला अजून वेळ होता.