आमचं देखणं यान दारात अडकलं तेव्हा

आमच्या घरी तीन वाहनं आहेत. माझी स्कूटी, यांची मोटारसायकल आणि एक अंतराळयान. त्यातलं अंतराळयान सगळ्यात मोठं आहे आणि ते मी स्वतः पसंत केलेलं आहे. (पार्किंगमध्ये शोधायला जाऊ नका. ते टीव्हीत आहे.)

त्याचं असं झालं. आमची एकुलती एक लेक मृणाल नोकरीसाठी पुण्याला गेली. फोन केला की तिची उत्तरं ठरलेली. "हो." "जेवले." "आई, मीटिंग आहे." मग दिवाळीत आली तेव्हा तिनं तिचा जुना गेमचा डबा आमच्या टीव्हीला जोडला, माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं इथे येत जा. मी रोज इथेच असते."

आणि खरंच! फोनवर तोंड न उघडणारी पोरगी अंतराळात शिरली की तासभर बोलायची. ऑफिसातलं, रूममेटचं, कुठल्यातरी अथर्वचं. (अथर्वबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं शनीच्या आसपास कळलेलं आहे.) त्यामुळे आम्ही नवराबायको त्या गेममध्ये मन लावून मालवाहतूक करू लागलो. इथलं खनिज उचलायचं, तिथल्या स्टेशनवर टाकायचं. यान म्हणाल तर चिमुकलं, भाजीच्या टेम्पोएवढं. पण माझा हात बसला होता. वळणावर मी इंडिकेटरसुद्धा शोधायचे!

मग एक दिवस मृणाल म्हणाली, "आई, आमच्या टीमची एका दुसऱ्या टीमशी शर्यत लागली आहे. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ज्यांचा माल जास्त पोचेल त्यांना स्वतःचं स्टेशन बांधायला जागा मिळणार. सध्या आम्ही थोडेसे पुढे आहोत. शेवटची मोठी खेप तुम्ही आणाल का? मी सगळ्यांना सांगून टाकलंय, माझे आईबाबा आणतील म्हणून."

लेकीनं चारचौघांत आपल्या भरवशावर शब्द दिला! माझा ऊर भरून आला. पण टेम्पोत मोठी खेप बसणार कशी? तेव्हा मोठं यान घेणं आलं. आणि तिथून आमच्या घरात महायुद्ध सुरू झालं.

इथे दोन्ही पक्षांची ओळख करून द्यायला हवी. मी मूळची उमरेडची. माझे आजोबा आणि वडील हातमागावर लुगडी विणायचे आणि मी मनीषनगरात बुटिक चालवते. म्हणजे रंग, काठ आणि घडण यातलं मला कळतं, आणि आपल्याला कळतं हेही मला चांगलं ठाऊक आहे. आमचे हे कोळशाच्या खाणीत डंपर दुरुस्त करतात. त्यांना जे वाहन देखणं वाटतं ते बघून लहान मुलं रडतात.

गेममधल्या दुकानात आमच्या ऐपतीची दोन मोठी यानं होती. पहिलं म्हणजे लोखंडी कपाट आडवं पाडून त्याला चार शेगड्या बसवाव्यात तसं. रंग चिखलाचा.

"वा!" हे टीव्हीच्या जवळ सरकले. "पाह्य काय पोट आहे! किती माल बसते याच्यात! आणि वळते कसं पाह्य, जागच्या जागी!"

"अहो, पण दिसतं कसं ते? म्हैस आहे म्हैस!"

"म्हैस दूध देते ना वं पण?"

दुसरं यान मी पुढे आणलं. दुधासारखं पांढरं, कडेनं सोनेरी रेघ (अगदी बारीक, दिमाख न करणारी), समोर अख्खी काच, आणि दोन्ही बाजूंना पंख. मिटले की दिसायचे नाहीत, उघडले की पदर सोडल्यासारखे पसरायचे!

"माल किती बसते याच्यात?" यांनी विचारलं.

"बसतो की."

"किती?"

"अहो, आत दिवाणखाना आहे! झुंबर आहे!"

"झुंबरात खनिज भरशील का तू? आणि वळाले पाह्य किती वेळ लावून राहिलं. माह्या खाणीतला खटारा डंपर याच्या आधी वळते."

"मोठ्या गाडीनं सावकाशच वळावं. शोभून दिसतं."

हे अर्धा तास मला इंजिन, टाकी आणि पोट समजावत राहिले. मुद्दे सगळे बरोबर होते. पण कंट्रोलर माझ्या हातात होता!

यानाला नाव द्यायची सोय होती. मी 'राजलक्ष्मी' दिलं.  हे उठून गच्चीवर जाऊन आले.

माल भरायला घेतला तेव्हा कळलं की राजलक्ष्मीच्या पोटात आमची खेप निम्मीच बसते. इथे मात्र यांचा उत्साह परत आला, कारण गेममध्ये वर्कशॉप होतं. "हे काढ. ते काढ. हे जादाचं आहे." असं करत यांनी यानाचं संरक्षक कवच काढलं, दुसरं इंजिन काढलं, स्वयंपाकघर काढलं. झुंबरावर हात घातला तेव्हा मी आडवी पडले. शेवटी माल कसाबसा मावला आणि झुंबर वाचलं.

शनिवारी दुपारी रामटेकहून यांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, मुक्काम पडला. ताईंना मी "नवीन गाडी घेतली" एवढंच फोनवर सांगितलं होतं. त्या हार, नारळ आणि कुंकू घेऊनच आल्या. गाडी टीव्हीत आहे हे कळल्यावर क्षणभर थबकल्या, पण हार विकत आणलेला होता. त्यांनी तो टीव्हीला घातला, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि कंट्रोलरला लिंबू-मिरची बांधली.

"दिसून राहिलं का गा तुले काही?" ताईंनी भावाला विचारलं.

"डाव्या कोपऱ्यातून थोडंसं दिसते," हे म्हणाले.

हेडफोनमध्ये मृणालचा आवाज आला. "आई, निघालीस का? ती दुसरी टीम पण त्याच स्टेशनवरून माल घेते आहे. सात-आठ मोठी यानं आहेत त्यांची. तू त्यांच्या आधी बाहेर पड. आम्ही सगळे बाहेर तुझी वाट बघतोय."

"आलेच!" मी म्हणाले आणि राजलक्ष्मी उचलली.

त्या स्टेशनला आत-बाहेर करायला एकच दार. आडवं, पत्रपेटीच्या फटीसारखं. टेम्पोतून मी तिथून शिट्टी वाजवत जायचे. राजलक्ष्मीला मात्र दाराकडे तोंड करायलाच इतका वेळ लागला की तेवढ्यात ताईंचे पोहे खाऊन झाले. पण काय ते वळणं! वरात निघाल्यावर घोडी वळते ना, तसं!

"अवं शोभा, तिचे पंख उघडतात म्हणे ना?" ताई म्हणाल्या. "दाखव ना मले."

आता कोणी इतक्या लांबून कौतुकानं आलेलं माणूस! मी पंख उघडले. सोनेरी रेघ चमकली. ताईंनी कानशिलावर बोटं मोडली.

"आई," हेडफोनमधून मृणाल, "दारातून निघताना पंख मिटायचे असतात."

"मिटते गं. थोडं बाहेर आले की मिटते."

"बाहेर आल्यावर नाही! आधी!"

"शोभा, बसत नाही ते," हे म्हणाले. "मी गाड्या पाहूनच सांगून राहिलो. नाही बसत."

"बसतं! माझी नजर आहे!"

खर्रर्र! असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून "काय पडलं हो?" म्हणून विचारलं. राजलक्ष्मी नाकापासून निम्मी बाहेर, कमरेपासून निम्मी आत आणि दोन्ही पंख चौकटीत पाचरीसारखे रुतलेले!

मी पंख मिटायचं बटण दाबलं. यानानं लाल दिवा लावून नकार दिला. पुन्हा दाबलं. चुकून शेजारचं दाबलं गेलं तर झुंबर पेटलं. दिवाणखान्यात मंद संगीत सुरू झालं!

मागे रांग लागली. पूर्वी आमच्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर लागायची ना, तश्शी. आणि त्या रांगेत सगळी त्या दुसऱ्या टीमची यानं! एकेक म्हैस, मालानं गच्च भरलेली. भोंगे वाजायला लागले. पडद्याच्या खालून हिंदी, इंग्रजी, आणखी कुठल्यातरी भाषांमधून मजकूर वाहायला लागला.

"काय म्हणून राहिले ते?" ताईंनी विचारलं.

"यानाचं कौतुक करताहेत," मी म्हणाले.

हे ताडकन उठले. खाणीत डंपर मागे घेताना माणूस हात करतो तसे दोन्ही हात वर करून टीव्हीसमोर उभे राहिले. "हां, मागे घे! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडे कट मार... येऊ दे..."

"अहो, बाजूला व्हा! मला टीव्ही दिसत नाही!"

"मी पाहून राहिलो ना! येऊ दे!"

मी न बघता मागे घेतली. धाड! मागच्या पहिल्या म्हशीच्या नाकावर. ती तिच्या मागचीवर. ती तिच्या मागचीवर. आता दारात यान एक नव्हतं, अख्खी मालगाडी होती.

तेवढ्यात स्टेशनवरून एका बाईचा इंग्रजी आवाज आला. अगदी शांत, गोड.

"किती प्रेमानं बोलते बाप्पा!" ताई म्हणाल्या. "काय म्हणते?"

"दार मोकळं करा, नाहीतर गोळे डागू म्हणते."

ताईंनी पटकन टीव्हीला हात जोडले. मग मला म्हणाल्या, "मग चहा घेऊन घे वं तू आधी. भुकेल्या पोटी नको."

माझ्या डोळ्यांपुढे मात्र मृणालचा चेहरा आला. लेकीनं शब्द दिला होता आणि तिच्या आईनं दारात पंख पसरले होते!  "मृणाल," मी म्हणाले, "चुकलं गं माझं. बाबांचंच बरोबर होतं." (हे वाक्य लग्नानंतर प्रथमच माझ्या तोंडून निघालं. हे हात वर केलेल्या अवस्थेत तसेच गोठले.)

 मृणाल अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, हलू नकोस."

"काय?"

"अजिबात हलू नकोस! त्यांचा सगळा माल तुझ्या मागे अडकलाय. पाच वाजायला आले आहेत. आम्ही अजूनही पुढेच आहोत. तू फक्त तिथेच राहा!"

मला समजायला जरासा वेळ लागला. समजल्यावर मी ताठ बसले. कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि ताईंनी आणलेला चहा घेतला. मागे भोंगे, समोर गोड आवाजाची बाई, वर झुंबर आणि संगीत! माझ्या आयुष्यात न हलण्यासाठी इतकं कर्तृत्व कधी लागलं नव्हतं. यांनी चुळबुळत कंट्रोलरकडे हात नेला तेव्हा ताईंनी त्यांच्या हातावर फटका मारला. "हात नको लावू गा! ते अडवून राहिली ना!"

बाईंनी शेवटची सूचना दिली. पाच वाजले. हेडफोनमध्ये इतका आरडाओरडा झाला की मी तो काढून मांडीवर ठेवला तरी आवाज येत होता. मृणालची टीम जिंकली होती!

आणि पुढच्याच क्षणी गोळे सुटले. कवच तर आम्ही वर्कशॉपमध्ये काढूनच ठेवलेलं! राजलक्ष्मी फुटली. पण काय फुटली! पांढरे तुकडे, सोनेरी ठिणग्या, आणि शेवटी मधोमध झुंबर, एकटंच, गोल गोल फिरत अंधारात निघून गेलं. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. हे म्हणाले, "म्हैस असती तर अशी फुटली नसती." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "अशी दिसलीही नसती म्हणा."

गेममध्ये विम्याची पद्धत आहे. फुटलेल्या यानाऐवजी नवं यान निवडून घ्या म्हणून पडद्यावर पाटी आली. म्हैस किंवा राजलक्ष्मी. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाल्या प्रकारातून योग्य तो धडा घेतला होता. मी राजलक्ष्मीच घेतली.

त्यानंतर मृणालच्या टीमनं मला रीतसर सदस्य करून घेतलं. त्यांच्यात प्रत्येकाला एक हुद्दा असतो. कुणी कॅप्टन, कुणी तोफची, मृणाल दिशादर्शक. माझं काय ठरलं म्हणून मी मोठ्या अभिमानानं विचारलं, तर पलीकडे बराच वेळ खुसखुस. मग तो अथर्वच धीर करून म्हणाला, "काकू, तुम्ही आमचं बूच."

आता दर शनिवारी शत्रूचं एखादं स्टेशन ठरतं, मी तिथल्या दारात जाऊन पंख पसरते आणि झुंबर लावून चहा पीत बसते. बुटिकमधल्या बायकांनी विचारलं की मी ताठ मानेनं सांगते, बूच तर बूच, पण अख्ख्या आकाशगंगेत याच्याइतकं देखणं बूच दुसरं दाखवा!