गल्लीचा नाकेदार

आमच्या तांडेलकाकांसमोरून कोणाला नुसतं ‘जाऊन येतो’ म्हणून निघता येत नसे. एडवणला त्यांच्या घराची पडवी गल्लीच्या अगदी तोंडाशी होती. तिथे जाळं शिवत बसलेले काका मान वर न करता विचारत, “कुटं चाललास? कोनाच्या गाडीनं? संगती कोन हाय? परत कवा?” पालघरला औषध आणायला निघालेला माणूसही यातून सुटत नसे. पोरं त्यांना माघारी ‘नाकेदार’ म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. “नाका हाय म्हनून गाडी घरला येते,” एवढंच ते म्हणत आणि पुन्हा जाळ्यात डोकं घालत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे भाऊ. वडील तारापूरच्या कारखान्यात कामाला, म्हणून आम्ही बेटेगावला राहायचो आणि सुट्टी लागली की एडवणला पळायचो. काका एकेकाळी खरोखरच तांडेल होते, म्हणजे बोटीचे मुख्य. पुढे मासळी कमी झाली तसे ते गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाऊ लागले. हुद्दा गेला, नाव तेवढं राहिलं.

अशाच एका हंगामात, ऐन निघताना शेजारच्या बोटीवर माणूस कमी पडला, म्हणून काका आपली बोट सोडून तिच्यावर चढले. घरी सांगायला वेळ नव्हता. काकांची मूळ बोट सुखरूप परतली, पण तिच्यावर काका नव्हते. दुसरी बोट आलीच नाही, आणि तिच्या यादीत काकांचं नाव कोणी लिहिलेलं नव्हतं. माणूस बुडाला की हद्दीपलीकडे पकडला गेला, हे काकीला कोणीच सांगू शकेना. सकाळी कुंकू लावताना तिचा हात अडखळायचा. काका पलीकडच्या तुरुंगात आहेत हे कळायला पुष्कळ महिने गेले, आणि ते सुटून यायला वर्षं. आल्यावर ते पुन्हा बोटीवर चढले नाहीत. पडवीत बसले ते बसलेच.

तुरुंगाबद्दल ते बोलत नसत. आम्हा मुलांशी एक खेळ मात्र खेळत. ते साहेब व्हायचे आणि आम्ही पकडलेले. नाव? बापाचं नाव? गाव? तालुका? चटचट उत्तरं द्यायची. एखाद्याने मध्येच “साहेब, पाणी द्या” म्हटलं की काका जाळ्याची सुई खाली ठेवायचे. “इचारतील तेवडंच सांगायचं. आपल्या तोंडानं काय मागायचं नाय. मागनाऱ्याला आदी मारतात.” आम्ही खिदळायचो. काका त्या खेळात एकदाही हसल्याचं मला आठवत नाही.

मी शिकायला जर्मनीला निघालो तेव्हा सगळ्यांनी थंडीची चौकशी केली. काकांनी विचारलं, “त्या देसाच्या शेजारी कोन हाय?” मी आठवतील तेवढी नावं सांगितली. “भांडन कोनाशी?” आता कोणाशीच नाही, म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या पोराला चांगलंच फसवलेलं दिसतंय. “शेजारी हाय आनि भांडन नाय?” असं पुटपुटत त्यांनी तो विषय माझ्यापुरता बंद केला.

माझं कॉलेज एका भल्यामोठ्या तळ्याच्या काठावरच्या गावात होतं. पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा. लोक सकाळी बोटीने पलीकडे जातात, कॉफी पितात आणि परत येतात. एका रविवारी मीही जायचं ठरवलं आणि आदल्या दिवशी हौसेने काकांना फोनवर सांगितलं.

“पान्यातनं?” त्यांनी विचारलं. “पान्यावर रेग मारलेली नसते, पोरा. ज्याच्याकडं बंदूक, रेग त्याची.” मी हसून सांगितलं, इथे बंदुका नाहीत, दुपारच्या बोटीने परत येतो आणि उतरल्या उतरल्या फोन करतो. “त्याच बोटीनं ये,” काका म्हणाले.

बरोबर येणारा मित्र आजारी पडला, म्हणून मी एकटाच निघालो. ऊन पडलं होतं, बोटीवर लहान मुलं पळत होती. घाबरण्यासारखं तिथे काहीही नव्हतं, आणि तरी तळ्याच्या मध्यावर येताच मी कठड्याला धरून पाण्यात रेघ शोधू लागलो. तेवढ्यात फोनचं नेटवर्क गेलं. माझं सिम पलीकडच्या देशात चालत नाही हे मला तेव्हा कळलं.

उतरलो तर धक्क्यावर गणवेशातले दोघे, एक पुरुष आणि एक बाई. गर्दीतून नेमकं मलाच बाजूला घेतलं. माझं जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं आणि त्याच्या बदल्यात मिळालेला एक कागद खिशात. त्या कागदावर मला पलीकडे येता येतं की नाही, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. एका छोट्या खोलीत बसवलं. पासपोर्ट, कागद आणि फोन समोरच्या टेबलावर ठेवायला सांगितलं. दोघेही सभ्यपणे बोलत होते. मला ते सभ्य आहेत हे दिसत होतं, आणि तरी मी दोन्ही हात त्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले.

नाव विचारलं, सांगितलं. वडिलांचं कोणीच विचारलं नाही, तरी मी तेही सांगितलं, आणि गाव, आणि तालुका. मग ते फोनाफोनी करत राहिले. रविवार, जर्मनीच्या कचेरीत फोन उचलायला कोणी नव्हतं. खिडकीतून माझी दुपारची बोट निघताना दिसली. नंतरचीही गेली. एडवणला आता काका फोन हातात धरून बसले असतील, हा विचार डोक्यातून जाईना. ‘घरी कळवू का?’ एवढं एक वाक्य विचारायचं होतं. ते मला विचारता येईना. मागणाऱ्याला आधी मारतात. मी शिकलेला, धडधाकट माणूस, आणि त्या उजेडाच्या स्वच्छ खोलीत मला खरोखरच मार बसेल असं वाटत होतं.

अखेर कागद बरोबर निघाला. त्यातल्या बाईंनी पासपोर्ट हातात देत माफी मागितली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “कोणाला कळवायचं होतं का? सांगायचं ना. इथून फोन लावून दिला असता.”

परतीच्या बोटीत, कॉलेजच्या गावाचा काठ जवळ आला तसा माझा फोन थरथरायला लागला. उतरून आधी घरी लावला. काकीने उचलला. माझा आवाज ऐकून ती रडायलाच लागली. “ते घरात नाय रे. चौकीत जाऊन बसलेत.”

माझा विश्वास बसेना. सुटून आल्यापासून काका खाकी कपडा दिसला की रस्ता बदलायचे. पोस्टमन आला तरी आत जायचे. तो माणूस आपल्या पायाने पोलीस चौकीत गेला होता. काकीने सोबत गेलेल्या शेजाऱ्याचा नंबर दिला. त्याने फोन हवालदाराकडे दिला.

“बोल बाबा लवकर,” हवालदार म्हणाले. “आल्यापासून उभेच आहेत, बसायला तयार नाहीत. म्हणतात, आमचा पोर पलीकडे पकडला, आधी त्याचं नाव लिहून घ्या. मी लिहिलं शेवटी. काय करणार?”

मग काकांचा आवाज आला, अगदी बारीक.

“कुटं हायस?”

“परत आलोय काका. किनाऱ्यावर उभा आहे.”

“कोनाच्या किनाऱ्यावर?”

“आपल्या,” मी म्हणालो. जर्मनीला तोवर मी कधी आपलं म्हटलं नव्हतं.

काका हवालदारांना सांगत असलेलं मला ऐकू आलं, “नाव खोडा, साहेब. आमचा सुटला.”