न धुतलेली अळंबी

कालकथित प्रफुल्ल रामा येलवे (१९५९–२०२३), राहणार माणगाव तालुका, यांनी जन्मभर एकच विद्या केली : पिशवीचे तोंड बंद करणे. रोह्याच्या एका कारखान्यात पावडरीच्या गोण्या भरून शिवण्याच्या खात्यात ते लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. तिथे वारा लागला की मालाचा दगड होई. त्यामुळे ‘हवा म्हणजे नासाडी’ हे त्यांच्या हाडीमासी खिळले होते. घरातल्या साखरेच्या डब्याचे झाकण कुणी अर्धवट लावले, तर ते भरल्या ताटावरून उठून ते घट्ट करून येत.

निवृत्तीबरोबर त्यांनी दमाही घरी आणला. पत्नी मैत्रीबाईंचे गुडघे लावणीच्या चिखलात कामातून गेले होते. वाकायचे काम होईना, म्हणून त्यांनी पडवीलगतच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घ्यायला सुरुवात केली. बसल्या जागी होण्यासारखे तेवढेच एक काम होते. बांधील गिऱ्हाईकही एकच : हरिहरेश्वरला खानावळ चालवणाऱ्या नीराबाई. त्यांनी पाठ फिरवली, तर मैत्रीबाईंना पुन्हा दुसऱ्याच्या शेतात वाकणे आले.

सकाळी मैत्रीबाई अळंबी खुडून सुपात ठेवीत. प्रफुल्ल ती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरीत आणि तापल्या पट्टीच्या यंत्राखाली तोंड असे चिकटवीत की, पिशवी पाण्यात बुडवली तरी बुडबुडा येऊ नये. मग खोका एस.टी.ने रवाना होई. थंडीत हे सगळे निभावले. ऊन चढू लागले तसा नीराबाईंचा फोन आला.

“मैत्रीताई, तुमची अळंबी घामेजली गो. पिशवी फोडली तर वास कसला! गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही मासळी न्हाय मागवली.”

प्रफुल्ल यांनी फोन पत्नीच्या हातून घेतला. “नीराबाई, बांधणी माझी हाय. तिच्यातून वारा जायचा न्हाय. ही माल धुते, म्हणून सडतो.”

“मग धुवू नको म्हणावं. शनिवारी आणखी एकदा पाठवा. पुन्हा असंच झालं तर मी दुसरीकडून मागवीन.”

मैत्रीबाईंनी अळंबी कधीच धुतली नव्हती. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, “मी धुते?”

“मग पिशवीत पाणी आलं कुठनं?”

“तुम्हाला त्या खोलीत घालून दार-खिडकी लावते. सकाळी बघा किती पाणी सुटतं ते.”

“मी काय अळंबी हाय?”

“अळंबी बरी. खोटं तरी बोलत न्हाय.”

शनिवारी प्रफुल्ल पिशव्यांना बसले खरे. पण निम्म्यावर खोकल्याची अशी उबळ आली की, हातातला जोरच गेला. शेवटच्या दोन पिशव्या त्यांनी तोंडे नुसती दुमडून बाजूला सारल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. एस.टी.ची वेळ झाली होती. मैत्रीबाईंनी त्या तशाच खोक्यात ठेवल्या.

संध्याकाळी फोन आला. “सगळी गेली, मैत्रीताई. दोन पिशव्या तेवढ्या टवटवीत. त्यांची तोंडं उघडीच होती. त्या कुणी बांधल्या?”

मैत्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. ते औषधाच्या बाटलीचे बूच घट्ट करीत होते.

“कुणीच न्हाय,” त्या म्हणाल्या.

“मग कुणीच बांधत जाऊ नका. तशाच पाठवा, बघू.”

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल यांनी पेटीतून गोण्या शिवायचा दाभण काढला आणि पिशव्यांना भोके पाडायला बसले. पहिल्या खेपेला त्यांनी पिशवीची चाळण केली, तेव्हा अळंबी सुकून वातड झाली. मग भोके मोजकी ठेवली. खुडलेली अळंबी आधी सावलीत निववायची, तळाशी कोरडा कागद घालायचा आणि मगच तोंड चिकटवायचे, अशी रीत हळूहळू बसली. प्रत्येक भोक पाडताना त्यांचा चेहरा आंबट होई. कुणी विचारले तर म्हणत, “हल्ली प्लास्टिकच हलकं येतं.” नीराबाईंची मागणी टिकली. मैत्रीबाईंना शेतात जावे लागले नाही. मात्र धुण्याबद्दलचे ते वाक्य प्रफुल्ल यांनी मागे घेतले नाही. दम लागे, बोलणे तुटे. आणि बोलायचे राहिलेले दुसरेही पुष्कळ असे.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला नीराबाई आल्या. वंदना झाली, खीर वाटून झाली. निघताना त्या मैत्रीबाईंचा हात धरून म्हणाल्या, “आता माल चांगला येतो हो. धुवायचं सोडलंस ते बरं केलंस.”

मैत्रीबाईंनी तसबिरीकडे एकदा पाहिले. त्या फार दमल्या होत्या.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “सोडलं.”

भोके पाडण्याचे काम सून भक्तीकडे आले. दाभण तिच्याकडेच आहे. धुण्याचा आळ मात्र मैत्रीबाईंच्या नावावर राहिला, तो राहिलाच.